कोरूटीन लावलं तरी गेम अडकतोच : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गेममध्ये एखादं जड काम आलं की स्क्रीन गोठते, आणि ते काम फ्रेमाफ्रेमांत (फ्रेम म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक येणारं एकेक चित्र) वाटून कसं करायचं हे नीट कुणी सांगत नाही. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गड्ड्याच्या यात्रेवर गेम करलालोय. बाराबंदी घातलेला माणूस नंदीध्वज पेलत अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं गर्दीतून जातो, काठी तिरकी होऊ द्यायची नाही, असा गेम आहे. सुरुवातीला शहराचा ग्रिड तयार होतो, २५६ बाय २५६ चौकटी, प्रत्येक चौकटीतून होम मैदान किती लांब ते मोजतो म्हणजे गर्दीतली माणसं त्या दिशेनं चालतात. लॅपटॉपवर चटकन होतं पण माझ्या मोबाईलवर तीनेक सेकंद चित्र गोठतं, हलगी मात्र वाजत राहते. मित्र म्हणाला कोरूटीनमध्ये टाक, टाकलं, तरी तसंच होलालंय. मग प्रत्येक चौकटीनंतर यील्ड, म्हणजे इथं थांब असं सांगणारी ओळ, लावलं तर आता गोठत नाही पण नकाशा काही पुरा होईना, चहा पिऊन आलो तरी चालूच. काय करू ओ?
– एक विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर : आधी हे सांगते की गड्ड्यावर गेम करायचं सुचलं याचाच मला फार आनंद झाला. सात नंदीध्वज, ती वाट, ती गर्दी, हे सगळं आपल्या डोळ्यांनी बघितलेलं पोरगं करणार म्हणजे ते खरं उतरणार. तेव्हा हा गेम अर्धवट सोडायचा नाही.

आता मुद्दा. तुझ्या पत्रात हलगी वाजत राहते हे जे तू सहज लिहिलंयस ना, त्यातच निदान आहे. आवाज मिसळायचं काम युनिटीत वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे शेजारी स्वतंत्र चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर चालतं, म्हणून तो थांबत नाही. चित्र, टच, तुझ्या स्क्रिप्टा हे सगळं मेन थ्रेडवर, आणि तुझं कोरूटीनसुद्धा त्याच मेन थ्रेडवर. बऱ्याच जणांना वाटतं कोरूटीन म्हणजे मागे कुठंतरी दुसरीकडे चालणारं काम, तसं अजिबात नाहीये. तुझ्या अशोक चौकातला माग डोळ्यासमोर आण, माग थांबवला तरी ताणा तसाच ताणलेला राहतो आणि परत सुरू केला की पुढच्या धाग्यापासून विणकाम चालू होतं, कोरूटीन तेवढंच करतं, थांबल्याची जागा धरून ठेवतं. काम करणारा हात एकच. आणि थांबतं कधी, तर तू यील्ड म्हणशील तेव्हाच. तू आधी सगळा हिशोब एका फंक्शनमध्ये ठेवून ते कोरूटीनमधून बोलावलं असणार, आत कुठंच यील्ड नाही, मग तीन सेकंदांचं काम एकाच फ्रेममध्ये झालं, नाव फक्त बदललं.

दुसऱ्या वेळी उलटं झालं. २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६ चौकटी. प्रत्येक फ्रेमला एकच चौकट केली आणि सेकंदाला ६० फ्रेम मिळाल्या तरी १,०९२ सेकंद लागतात, म्हणजे अठरा मिनिटांच्या वर. चहा काय, जेवण पण होईल.

मग लोक सांगतात की प्रत्येक फ्रेमला ५०० चौकटी कर. हेही मला पटत नाही, आणि इथंच सगळ्यात जास्त गेम बिघडतात. तुझ्या लॅपटॉपवर ५०० चौकटींना लागणारा वेळ आणि साध्या मोबाईलवर लागणारा वेळ यात कितीतरी पटींचा फरक असतो, शिवाय मोबाईल तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, मग काल बरोबर असलेला आकडा आज चुकतो. म्हणून तुकडा नगावर मोजायचा नाही, वेळेवर मोजायचा. ६० फ्रेमच्या गेमला एका फ्रेमचे १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० च्या गेमला ३३.३३, आणि १२० हर्ट्झच्या मोबाईलवर पूर्ण वेग हवा असेल तर फक्त ८.३३. यातच फिजिक्स, ॲनिमेशन, चित्र काढणं सगळं बसवायचंय. तेव्हा खेळ चालू असताना मागच्या कामाला दोन-तीन मिलिसेकंद द्यावेत, जास्त नाही. स्टॉपवॉच सुरू कर, चौकटी करत जा, तीन मिलिसेकंद झाले की यील्ड रिटर्न नल, म्हणजे या फ्रेमपुरतं थांब, पुढच्या फ्रेमला स्टॉपवॉच परत शून्यावर. घड्याळ प्रत्येक चौकटीला बघायची गरज नाही, चौकट फारच हलकी असेल तर दर ३२ किंवा ६४ चौकटींनी बघ.

यात एक खड्डा आहे तो आत्ताच सांगून ठेवते. वेळ मोजायला युनिटीचं टाइम डॉट टाइम वापरू नको, ती व्हॅल्यू एका फ्रेममध्ये बदलतच नाही, मग तुझं लूप वाट बघत बसतं की तीन मिलिसेकंद कधी होतात आणि ते कधीच होत नाहीत. सी शार्पचा स्टॉपवॉच घे, नाहीतर रिअलटाइम सिन्स स्टार्टअपचं डबलवालं रूप.

आणि तुझं अंतर मोजायचं फंक्शन स्वतःलाच बोलावणारं, म्हणजे रिकर्सिव्ह असेल तर ते आधी बदल. रिकर्शनच्या पोटात खोलवर थांबून परत तिथूनच उठणं फार कटकटीचं असतं. होम मैदानाची चौकट क्यूमध्ये, म्हणजे रांगेत टाक, एक काढ, तिचे अजून न मोजलेले शेजारी टाक, परत एक काढ. आता कामाची सगळी अवस्था त्या क्यूत आणि अंतरं लिहिलेल्या ॲरेत (यादीत) आहे, कुठंही थांबलं तरी काही हरवत नाही. हे एवढं जमलं की पुढचं सगळं सोपं.

पण एक गोष्ट लक्षात घे, वाटून केल्यानं काम कमी होत नाही. मोबाईलवर तीन सेकंदांचं म्हणजे ३,००० मिलिसेकंदांचं काम दर फ्रेमला ३ मिलिसेकंद दिले तर १,००० फ्रेम लागतात, म्हणजे सतराएक सेकंद. खेळ चालू असताना चालतंय, पण सुरुवातीला खेळणाऱ्याला सतरा सेकंद बसवून ठेवणार का? म्हणून फ्रेममधलं वेळेचं बजेट ठरावीक नको. लोडिंगचं चित्र दिसतंय, बोटानं काही करायचं नाहीये, तेव्हा फ्रेमला २५ मिलिसेकंद घे, १२० फ्रेममध्ये काम संपतं, चारेक सेकंदांत, आणि ३० फ्रेम मिळत असल्यामुळं फिरणारं चक्र फिरत राहतं. खेळ सुरू झाला की परत तीनवर ये.

अजून दोन गोष्टी. एक, कोरूटीन ज्या गेम ऑब्जेक्टवर (गेममधल्या वस्तूवर) सुरू केलं तो सेटॲक्टिव्ह फॉल्स, म्हणजे बंद झाला की कोरूटीन तिथंच मरतं, काही न सांगता. स्क्रिप्टचा नुसता टिक काढला तर मरत नाही, ऑब्जेक्ट बंद केला तर मरतं. लोडिंग स्क्रीनच्या ऑब्जेक्टवरच काम सुरू करायचं आणि मग ती स्क्रीन लपवायची, असं केलं की अर्धा नकाशा तयार होतो आणि माणूस दोन दिवस डोकं धरून बसतो. अशा कामांना वेगळा, कायम जिवंत राहणारा ऑब्जेक्ट ठेव. दुसरं, नकाशा, गर्दी, दिव्यांची रोषणाई अशी पाच कामं प्रत्येकी तीन मिलिसेकंद घेऊन बसली तर पंधरा झाले, फ्रेम संपली. प्रत्येकाला स्वतःचं घड्याळ देऊ नकोस, सगळ्यांची मिळून एक रांग आणि त्या रांगेचं एकच बजेट असू दे.

आणि आता माझं खरं मत. तुझ्या गेममध्ये हे काम मोबाईलवर करायचंच कशाला? अडुसष्ट लिंगांच्या जागा बदलणार नाहीत, होम मैदान हलणार नाही. लॅपटॉपवर युनिटीच्या एडिटरमध्ये एकदाच हिशोब कर, प्रत्येक चौकटीला दोन बाइट धरले तरी १२८ केबीची फाइल होते, ती गेमबरोबर दे. जे काम आधीच करून ठेवता येतं ते फ्रेमांत वाटत बसू नये. वाटून करायचं ते जे खेळताना बदलतं, म्हणजे तुझी गर्दी.

प्रश्न : मी सात रस्ता चौकातल्या ट्रॅफिकचा गेम करतोय. रिक्षांचे रस्ते शोधायचं काम पाच-सहा फ्रेमांत वाटलंय, वेळेवर मोजूनच. पण खेळणारा मधेच एखादा रस्ता बंद करतो आणि रिक्षा बंद रस्त्यातून आरपार जाते. कधी कधी तर रिक्षा अर्ध्या रस्त्यात उभीच राहते. गेम अडकत नाही पण असलं दिसलं की लई वाईट वाटतं.
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर : वाईट वाटतंय म्हणजे तुम्ही बरोबर जागी बघताय. फ्रेमा मोजणं सोपं असतं हो, अवघड असतं ते हेच की काम अर्धं असताना बाकीचं जग थांबत नाही. एका फ्रेममध्ये सगळं होत होतं तेव्हा मधे कुणी काही बदलू शकत नव्हतं, ती खात्री फुकट मिळत होती, काम वाटलं की ती गेली आणि आता ती आपल्याला हातानं आणायचीय.

पहिलं म्हणजे अर्धवट उत्तर कुणालाही दिसता कामा नये. तुमचा शोध बहुतेक रिक्षाच्या चालू रस्त्याच्या लिस्टमध्येच थेट लिहीत असणार, म्हणून रिक्षा अर्ध्यात उभी राहते, कारण तिला तेवढाच रस्ता दिसतोय. शोधासाठी वेगळी लिस्ट ठेवा, रिक्षा जुन्या रस्त्यानं जात राहू दे, आणि नवा रस्ता पुरा झाला की एका झटक्यात, एकाच फ्रेममध्ये, जुन्याच्या जागी नवा लावा.

दुसरं, नकाशाला एक आकडा द्या. रस्ता बंद झाला, उघडला, काहीही बदललं की तो आकडा एकनं वाढवायचा. शोध सुरू होताना त्यानं तो आकडा लिहून ठेवायचा आणि संपताना बघायचं की अजून तोच आहे का. असेल तर उत्तर चालेल. नसेल तर लगेच फेकायचं नाही, आधी त्या उत्तरातले रस्ते अजून उघडे आहेत का एवढं तपासा, हे तपासणं शोधापेक्षा खूप स्वस्त असतं आणि बऱ्याचदा बदल शहराच्या दुसऱ्याच टोकाला झालेला असतो. खरंच अडलं असेल तर पुन्हा रांगेत. नाहीतर खेळणाऱ्यानं पटापट चार रस्ते बंद केले की सगळ्या रिक्षांचे शोध सारखे पहिल्यापासून सुरू होतात आणि एकही संपत नाही, गेम अडकलेला दिसत नाही पण रिक्षा वेड्यासारख्या वागतात.

नकाशा लहान असेल तर शोध सुरू करताना त्याची कॉपी काढून कॉपीवरच काम करणं हाही मार्ग आहे, विचार करायला सोपा. पण शंभर रिक्षांना शंभर कॉप्या काढू नका, एका फ्रेमच्या सगळ्या शोधांना मिळून एकच.

तिसरं, रद्द करायची सोय. रिक्षा स्क्रीनबाहेर गेली, डिलीट झाली, तरी तिचा शोध चालूच असेल तर शेवटी तो नसलेल्या रिक्षाला रस्ता द्यायला जातो आणि एरर येतो. प्रत्येक तुकडा सुरू करताना विचारा की मालक अजून आहे का, नसेल तर गुपचूप संपवा. सेव्ह गेमचं पण तेच, अर्धा शोध फाइलमध्ये लिहायच्या भानगडीत पडू नका, अमक्या रिक्षाला रस्ता हवाय एवढंच लिहा, गेम उघडला की शोध नव्यानं करा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी शिक्षक आहे, सुट्टीत मुलांना गोडो (युनिटीसारखंच गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकवतो. मुलं विचारतात की मोबाईलमध्ये आठ कोअर आहेत तर तुकडे करत बसायचं कशाला, सरळ थ्रेड काढू की. मला नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय आमचे गेम ब्राऊझरवर टाकतो, म्हणजे पालकांना लिंक पाठवता येते.
– एक शिक्षक, विजापूर रोड

उत्तर : सर, मुलांचा प्रश्न एकदम रास्त आहे, आणि काही कामांना थ्रेडच बरोबर असतो. नुसतं गणित असेल, आकडे घेतले आणि आकडे परत दिले, तर गोडो ४ मधलं वर्करथ्रेडपूल वापरायला सांगा. मोठे सीन किंवा चित्रं आणायची असतील तर रिसोर्सलोडरमध्ये लोड थ्रेडेड रिक्वेस्ट आहे, आधी मागणी करायची, मग दर फ्रेमला स्टेटस विचारायचं आणि झालं की लोड थ्रेडेड गेटनं घ्यायचं. स्वतः काही लिहायला नको.

पण थ्रेडमधून चालू सीनच्या झाडाला, म्हणजे गेममध्ये आत्ता असलेल्या वस्तूंच्या रचनेला, हात लावायचा नाही. थ्रेडमध्ये बसून ॲड चाइल्ड केलं, म्हणजे नवी वस्तू जोडली, की कधी चालतं, कधी गेम कोसळतो, आणि कधी कोसळेल ते सांगता येत नाही, शिकणाऱ्या मुलांना यापेक्षा जास्त छळणारी चूक नाही. थ्रेडनं उत्तर तयार करायचं आणि कॉल डिफर्डनं मेन थ्रेडकडे सोपवायचं. पण ते उत्तर म्हणजे पाचशे झाडं, दगड सीनमध्ये उभे करायचे असतील तर ते मेन थ्रेडवरच होणार, आणि एकाच फ्रेममध्ये पाचशे नोड (वस्तू) टाकले की परत अडकलंच. म्हणजे थ्रेड वापरला तरी शेवटचा तुकडा फ्रेमांत वाटावाच लागतो. मुलांना हे करून दाखवा, आधी पाचशे एकदम, मग गेट ट्री डॉट प्रोसेस फ्रेमवर अवेट लावून, म्हणजे पुढच्या फ्रेमची वाट बघत, थोडे थोडे. इथं वेळ मोजायला टाइम डॉट गेट टिक्स यूसेक आहे, मायक्रोसेकंद देतं, म्हणजे ३,००० झाले की थांबायचं.

ब्राऊझरचं तर अजून वेगळं आहे. तिथं थ्रेडसाठी शेअर्ड ॲरे बफर (थ्रेडनी मिळून वापरायची मेमरी) लागतं आणि ते मिळायला गेम जिथं ठेवलाय त्या सर्व्हरनं ठरावीक हेडर (पानाबरोबर जाणाऱ्या सूचना) पाठवावे लागतात, फुकटच्या बऱ्याच जागा ते पाठवत नाहीत. म्हणून २०२४ मध्ये आलेल्या गोडो ४.३ पासून वेबसाठी थ्रेडशिवायचं एक्स्पोर्ट परत मिळतंय, आणि पालकांना पाठवायच्या लिंकला तेच बरं. त्यात थ्रेड नाहीतच. तेव्हा तुमच्या वर्गाला आधी फ्रेमांत वाटून करायला शिकवा, ते सगळीकडे चालतं, थ्रेड नंतर.

मुलांना आवडेल असं एक सांगा, कोरूटीन ही कल्पना गेमवाल्यांची नाही, मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्येच हे नाव दिलं, आणि १९६३ चा त्यांचा लेख गेमवर नाही, कंपायलरवर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर आहे.

प्रश्न : सीन लोड करताना बार ९० टक्क्यांवर जाऊन थांबतो. मोबाईल बदलून पाहिला, तेच.
– होटगी रोडवरून

उत्तर : मोबाईलचा दोष नाही. युनिटीत तुम्ही अलाऊ सीन ॲक्टिव्हेशन (तयार सीन सुरू करायची परवानगी) फॉल्स ठेवलंय, तेव्हा प्रोग्रेस ०.९ वरच थांबते आणि ते ट्रू केल्याशिवाय पुढं जात नाही, ते तसंच ठरवलेलं आहे. बार दाखवताना आकड्याला ०.९ नं भागा. आणि खेळ चालू असताना मागे सीन लोड करत असाल तर बॅकग्राऊंड लोडिंग प्रायॉरिटी लो करा. लो म्हणजे मेन थ्रेडवर फ्रेमला २ मिलिसेकंद, बिलो नॉर्मल ४, नॉर्मल १०, हाय ५०. बघा, युनिटी स्वतः पण वेळेवरच मोजतंय.

प्रश्न : माझा गेम सरासरी ६० फ्रेम दाखवतो तरी भाऊ म्हणतो झटका बसतोय. खोटं बोलतोय का तो?
– बाळीवेस

उत्तर : भाऊ खरं बोलतोय. व्हीसिंक (फ्रेमा स्क्रीनच्या वेगाला बांधायची सेटिंग) बंद ठेवून एका सेकंदाचा हिशोब कर, ५९ फ्रेम १० मिलिसेकंदांच्या आणि एक ४०० ची, बेरीज ९९०, म्हणजे सरासरी ६० च्या वरच. पण ती ४०० मिलिसेकंदांची फ्रेम माणसाला सरळ दिसते. सरासरी बघणं सोडून दे, सगळ्यात वाईट फ्रेम कोणती ते बघ. प्रोफायलर (कशाला किती वेळ लागला ते दाखवणारं साधन) मोबाईलला जोडून चालव, एडिटरमधले आकडे धरू नको, आणि घरातला सगळ्यात जुना मोबाईल घे. झटका ठरावीक वेळानं येत असेल तर कचरा, म्हणजे वापरून झालेली मेमरी, गोळा होतोय का बघ, दर फ्रेमला नवीन लिस्टा बनवणं, दर वेळी नवीन वेट फॉर सेकंद्स बनवणं, यानं कचरा साठतो. युनिटीत २०१९ पासून इन्क्रिमेंटल गार्बेज कलेक्शन आहे, ते कचरा काढायचं काम फ्रेमांत वाटतं, सेटिंगमध्ये चालू आहे ना बघून घे. तरी कचरा कमी करणं तुझ्याच हातात आहे.

प्रश्न : ताई, आम्ही दोघी मैत्रिणी शेंगाच्या शेतीचा गेम करलालोय. पेरल्यावर सहा तासांनी शेंगा काढायला येतात. त्यासाठी कोरूटीनमध्ये सहा तासांचं वेट लावलंय पण गेम बंद करून उघडला की परत पहिल्यापासून. फोन आला तरी थांबतं. मागे चालूच कसं ठेवायचं?
– दोघी, दक्षिण सोलापूर

उत्तर : चालू ठेवायचंच नाही. गेम मागे गेला की फ्रेमा येणं थांबतं, म्हणजे कोरूटीन पण थांबतं, आणि गेम बंद झाला की मेमरीतलं सगळंच गेलं. शिवाय सहा तास नुसतं वाट बघणाऱ्याला काम म्हणत नाहीत गं, त्यात करण्यासारखं काहीच नाहीये.

पेरलं तेव्हाची वेळ सेव्ह करा, यूटीसीमध्ये (जगभर एकच धरली जाणारी वेळ), आणि गेम उघडला की, किंवा फोन संपवून परत आला की, आत्ताची वेळ वजा पेरल्याची वेळ एवढंच करा. सहा तासांच्या वर असेल तर शेंगा तयार. शेतात चारशे रोपं असतील आणि माणूस आठ दिवसांनी आला तर या हिशोबालाही वेळ लागतो, रोपं वाढवायची, पाणी संपलं का, कीड लागली का, ते मात्र वर सांगितलं तसं फ्रेमांत वाटून करा, आणि सगळा हिशोब पुरा झाल्यावरच शेत दाखवा, नाहीतर अर्धं शेत पिकलेलं आणि अर्धं कोवळं दिसेल.

मोबाईलचं घड्याळ पुढं करून शेंगा काढणारे निघतातच. एकट्यानं खेळायचा गेम असेल तर राहू द्या, कुणाचं काही जात नाही. गावागावांत स्पर्धा ठेवणार असाल तर वेळ सर्व्हरवरून घ्या, आणि नेट नसेल तेव्हा रोपं वाढलेली दाखवा पण काढणी नेट आल्यावरच होऊ द्या.